सूर्यचुलीचे दान

उन्हावर अन्न शिजवण्याचे साधन गरजू घरांपर्यंत पोचवण्याचे काम गेल्या चार-पाच दशकांत अनेक धर्मादाय संस्थांनी हाती घेतले. अन्नदान, जलदान, वस्त्रदान, विद्यादान यांची स्थाने परंपरेत ठरलेली आहेत. चुलीच्या दानाचे स्थान ठरलेले नाही, आणि ते ठरवायला गेले की पहिल्याच पावलाला प्रश्न उभा राहतो. धर्मशास्त्रकारांची दानाची व्याख्या काटेकोर आहे: वस्तूवरचा आपला हक्क सोडायचा आणि तिथे दुसऱ्याचा हक्क निर्माण करायचा. जे आपले नाही ते दान करता येत नाही. सूर्यचुलीत अन्न शिजवते ते ऊन, आणि ऊन दात्याचे नाही. ज्याच्या अंगणात ते पडते त्याचे ते आधीपासूनच आहे. मग दाता नेमके काय देतो, आणि ते दान पुरे झाले असे कधी म्हणायचे?

मुंबईत सूर्यचुलीचा विषय जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. इथे सरकारी नोकरीत असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रजाने उष्ण देशांत जळणाला उन्हाचा पर्याय सुचवणारे पुस्तक १८७८ मध्ये मुंबईतच प्रसिद्ध केले. लाकडाच्या आठ बाजूंच्या चौकटीत आरसे बसवून त्याने चूल बनवली होती. ऐन जानेवारीत तिच्यावर सात सैनिकांचा मांस-भाजीचा शिधा दोन तासांत नीट शिजला, अशी त्याची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने अंतर्गोल आरशाची चूल तयार केली, पण ती बाजारात टिकली नाही. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या अनुदानातून पेटीसारखा सोलर कुकर घरोघरी जाऊ लागला: आतून काळा रंग, वर दुहेरी काच, झाकणाच्या आतल्या बाजूस आरसा. या पेटीत तापमान साधारण शंभर ते एकशेचाळीस अंशांपर्यंत चढते. वरण-भात दोन-तीन तासांत होतो, करपत नाही आणि ढवळावाही लागत नाही. फोडणी मात्र तिच्यात होत नाही, भाकरी भाजता येत नाही. ही उणीव वरवर किरकोळ वाटली, तरी दानाच्या दृष्टीने ती निर्णायक ठरते.

सूर्याकडून अन्न मिळण्याची कल्पना भारतीय परंपरेला परकी नाही. महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिर वनवासाला निघतो तेव्हा ब्राह्मणांचा मोठा समुदाय त्याच्यामागून येतो, आणि त्यांना खाऊ काय घालायचे या विवंचनेत तो पडतो. पुरोहित धौम्य त्याला सूर्याची उपासना करायला सांगतो, कारण प्राणिमात्रांचे अन्न शेवटी सूर्यामुळेच निपजते. प्रसन्न झालेला सूर्य तांब्याचे पात्र देतो. त्यातले अन्न सरत नाही, पण द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच. वर मागितला युधिष्ठिराने, पात्र मिळाले युधिष्ठिराला. त्याची मर्यादा मात्र वाढणाऱ्या आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या दिनक्रमाला बांधलेली आहे. तिचे जेवण आटोपल्यावर दुर्वास शिष्यांसह दारी येतो आणि पात्र रिकामे असते, ही कथा घराघरात ठाऊक आहे. सूर्यचुलीची अडचण नेमकी हीच आहे. उन्हे कलल्यावर आलेल्या पाहुण्याला तिच्यावर काही करून घालता येत नाही, आणि गृहस्थाच्या धर्मात अवेळी आलेल्या अतिथीचा मान मोठा आहे.

महाराष्ट्रात सौर स्वयंपाकाचे सर्वांत ठळक उदाहरण शिर्डीचे आहे. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ पासून प्रत्येकी सोळा चौरस मीटरच्या ७३ तबकड्या आहेत. त्या उन्हाने पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ नळांतून खालच्या मोठ्या भांड्यांत जाऊन भात, डाळ, भाजी शिजवते. ऊन नसेल तेव्हा नेहमीचा बॉयलर तयार असतो. राजस्थानात आबू रोडला ब्रह्माकुमारींच्या शांतिवनात याच पद्धतीचे स्वयंपाकघर त्याआधीपासून चालत आले आहे. दोन्ही ठिकाणच्या तबकड्या वोल्फगांग शेफलर या शास्त्रज्ञाच्या रचनेवर आधारलेल्या आहेत. ही तबकडी पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या आसावर सूर्यामागे फिरते, तरी तिचा तापबिंदू जागचा हलत नाही, त्यामुळे चूल छपराखाली ठेवता येते आणि स्वयंपाक करणाऱ्याला उन्हात उभे राहावे लागत नाही. शेफलरची पहिली तबकडी १९८६ मध्ये उत्तर केनियातल्या एका मिशन केंद्रात उभी राहिली. रचनेवर पेटंटचा हक्क न ठेवता त्याने ती सर्वांना खुली केली. धर्मशास्त्राच्या व्याख्येत अचूक बसणारे दान या साऱ्या हकिकतीत शोधायचे तर ते हेच: जे खरोखर त्याचे होते, ज्ञान, त्यावरचा हक्क त्याने सोडला.

शिर्डीची व्यवस्था यशस्वी का झाली, याचे उत्तर यंत्रापेक्षा नात्यात आहे. तिथे दान अन्नाचे होते, चुलीचे नव्हे. चूल दात्याच्याच घरी राहिली. तबकडी पुसणारा, झडपा सांभाळणारा, ढग आले की बॉयलर लावणारा माणूस संस्थानाचाच. घेणाऱ्याला फक्त पानावर बसायचे असते. मोठ्या स्वयंपाकघरांत जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात, वाफेवर शिजणारे पदार्थच प्रामुख्याने होतात आणि जळणाचा खर्च ती चालवणाऱ्याच्या हिशेबात दिसतो. चूल दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवली की यातली प्रत्येक गोष्ट उलटते.

हे मुंबईतच पाहता येते. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. एका बाजूला पश्चिम उपनगरे, दुसऱ्या बाजूला पूर्व उपनगरे, आणि आत व कडेने वारली, कोकणा, मल्हार कोळी या आदिवासी समाजांचे पाडे. उपनगरांतल्या बहुतेक सोसायट्यांत स्वयंपाक नळाच्या किंवा सिलिंडरच्या गॅसवर होतो. पाड्यावर सिलिंडर असला तरी चूल विझलेली नसते, आणि सरपणासाठी रानात जाणे म्हणजे एकीकडे वनखात्याचा कायदा आणि दुसरीकडे बिबट्याचा वावर. दानशूर माणसाला इथे सूर्यचूल सुचावी हे स्वाभाविक आहे. तिच्यात जळण नाही, धूर नाही, रानात जाणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुलींच्या धुराने जगात दर वर्षी सुमारे तीस लाख माणसे दगावतात. हेतूच्या शुद्धतेबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

तरीही गीतेच्या सतराव्या अध्यायातली कसोटी इथे कठोरपणे लागू होते. सात्त्विक दान योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य व्यक्तीला आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले असते. स्थळ-काळ न पाहता, घेणाऱ्याचा मान न राखता दिलेले दान गीता तामस ठरवते. सूर्यचुलीच्या बाबतीत काळ म्हणजे पंचांगातला पर्वकाळ नव्हे, दिवसाचा तास. मजुरीला जाणाऱ्या बाईचा स्वयंपाक उजाडण्याआधी होतो आणि दुसरा दिवे लागल्यावर. ऊन सर्वांत कडक असते तेव्हा घरी कोणी नसते. स्थळ म्हणजे तीर्थक्षेत्र नव्हे, दाट झाडीतले अंगण, जिथे ऊन तुकड्यातुकड्यांनी पडते. आणि भाकरी हे ज्यांचे मुख्य अन्न, त्यांच्या तव्याला लागणारी आच पेटीत निर्माणच होत नाही. मोठ्या अंतर्गोल तबकडीवर तवा तापतो, फोडणीही होते, पण तिच्याजवळ भर उन्हात उभे राहावे लागते आणि डोळ्यांवर तिरीप येते.

कठोपनिषदाच्या आरंभी नचिकेताचा बाप यज्ञात सर्वस्व दान करायला निघतो आणि पाणी पिणे, गवत खाणे, दूध देणे ज्यांचे सरले आहे अशा गाई देतो. त्या पाहून मुलाच्या मनात श्रद्धा जागी होते आणि तो बापाला विचारतो की मला कोणाला देणार. देणारा देतो ते त्याला स्वतःला हवेसे आहे का, हा त्या प्रश्नामागचा प्रश्न आहे. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या घराने स्वतः कधीच न वापरलेले साधन दुसऱ्याला योग्य म्हणून द्यावे, यात तो प्रश्न पुन्हा उभा राहतो. सूर्यचूल मरतुकड्या गाईसारखी निकामी नाही, हे खरे. पण ज्या वस्तूच्या मर्यादा दात्याने स्वतःच्या स्वयंपाकात अनुभवलेल्या नाहीत, ती देताना त्याला पात्राची पारख करता येत नाही. ज्या दात्याच्या गच्चीत सोलर कुकर वर्षभर वापरात आहे त्याने तो दुसऱ्याला द्यावा, हा नियम कोणत्याही ग्रंथात नसला तरी कठोपनिषदाच्या भावाशी तो जुळतो.

मुंबईत काळाचा प्रश्न ऋतूचाही आहे. शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. याच काळात चातुर्मास असतो. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या जैन उपाश्रयांत साधु-साध्वी मुक्कामाला असतात, प्रवचने होतात, व्रते घेतली जातात आणि दानाचा ओघ वाढतो. दानाला सर्वांत अनुकूल मानलेला हा काळ सूर्यचुलीला सर्वांत प्रतिकूल. श्रावणात दिलेली चूल ऑक्टोबरपर्यंत कोपऱ्यात राहते. पहिले दोन महिने न वापरलेली वस्तू पुढे वापरात येणे कठीण असते. दान करायचेच तर दिवाळीनंतर, आणि वापर शिकवायला माणूस सोबत देऊन.

उपनगरांतल्या जैन घरांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक, अधिक खोल बाजू आहे. जैन विचारात जिवांचे सहा काय, म्हणजे देहप्रकार, मानले आहेत आणि अग्नी हा त्यांतला एक. अग्नी पेटवणे म्हणजे असंख्य सूक्ष्म जिवांची हिंसा. भगवतीसूत्रात महावीर कालोदायी या साधूला सांगतात की आग विझवणाऱ्यापेक्षा आग पेटवणाऱ्याला अधिक कर्मबंध होतो. उन्हाची उष्णता मात्र या शास्त्रात अग्नीची मानलेली नाही. सूर्याचे बिंब पृथ्वीकायिक जिवांचे मानले आहे, आणि त्याचा ताप ‘आतप’ नावाच्या नामकर्मामुळे जाणवतो, असे कर्मग्रंथ सांगतात. या मांडणीनुसार उन्हावर शिजवलेल्या अन्नात अग्निकायाची हिंसा टळते. पाण्यातल्या आणि वनस्पतीतल्या जिवांची टळत नाही. कोणतीही चूल गृहस्थाला हिंसेतून पूर्ण सोडवत नाही. मनुस्मृतीनेही चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने सांगून त्यांच्यासाठी रोजचे पाच यज्ञ नेमले, तेव्हा हीच जाणीव तिथे होती. दोन्ही परंपरांना जेवण ही निरागस गोष्ट वाटत नाही.

इतर घरांत सूर्यचुलीचा दोष ठरणारी गोष्ट जैन घरात दोष राहत नाही. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम पाळणाऱ्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक उन्हे असतानाच आटोपलेला असतो. सांगली-कोल्हापूरकडच्या मराठी जैन शेतकरी घरांतही हा नियम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. म्हणजे सूर्यचुलीला सर्वांत योग्य पात्र पुष्कळदा दान घेणाऱ्याच्या घरी नसून देणाऱ्याच्याच घरी आहे. सूर्यचुलीचा प्रसार गरिबांपासून सुरू करण्याचा आग्रह म्हणूनच तपासून पाहण्यासारखा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. जे सर्वांचे आहे ते देता येते का? याचे एक उत्तर इस्लामी परंपरेत आहे. पाणी, चराऊ गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत सगळे भागीदार आहेत, असे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये नोंदले आहे. त्या दृष्टीने विस्तव देणे हे औदार्य नव्हे, मागणाऱ्याचा तो हक्क आहे. मराठी खेड्यातही चूल पेटवायला शेजारच्या घरून विस्तव आणण्याची रीत होती आणि त्याला कोणी दान म्हणत नसे. दुसरे उत्तर शंकराचार्यांचे. गीतेच्या सोळाव्या अध्यायावरील भाष्यात ते दानाचा अर्थ अन्नादी गोष्टींची यथाशक्ती वाटणी असा करतात. विनोबांनी भूदानाची सारी उभारणी याच अर्थावर केली. जमीन सर्वांची आहे, म्हणून ती देणारा उपकार करत नाही, ज्याचा वाटा त्याला पोचवतो. ऊन जमिनीहूनही अधिक सर्वांचे आहे. ते वापरण्याची विद्या, आरसा, भांडे आणि दुरुस्ती यांचा वाटा मात्र काही थोड्यांकडेच अडकलेला आहे. वाटायचे ते हे.

हे वाटप नीट झाल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांत चूल देण्यापेक्षा हात तयार करण्यावर भर दिसतो. इंदूरच्या बरली ग्रामीण महिला विकास संस्थेची प्रेरणा बहाई धर्माची. जनक पलटा मॅकगिलिगन यांनी तिथे आदिवासी मुलींना सौर स्वयंपाक आणि सौर साधनांची देखभाल शिकवली; मुली परत गावी जात तेव्हा विद्या त्यांच्यासोबत जाई. आफ्रिकेत चाड देशातल्या इरिदिमी छावणीत दारफुरहून आलेल्या निर्वासित बायकांवर सरपण आणायला बाहेर पडल्यावर हल्ले होत. लॉस एंजलिसच्या ज्युइश वर्ल्ड वॉच या यहुदी संस्थेने २००६ पासून तिथे पुठ्ठ्याच्या आणि चमकदार वर्खाच्या साध्या सूर्यचुलींसाठी मदत केली. त्या चुली छावणीतल्या बायकाच तयार करत. तिथे चुलीचे मोल वाचलेल्या लाकडात नव्हते, बाईने छावणीबाहेर न जाण्यात होते. दान देणारे यहुदी आणि घेणाऱ्या मुसलमान बायका, हेही नोंदण्यासारखे आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या यहुदी तत्त्वज्ञाने दानाच्या आठ पायऱ्या सांगताना सर्वांत वरची पायरी माणसाला पुन्हा दान घ्यावे न लागेल असे उभे करणारी मानली होती.

उपनगरांच्या अगदी जवळचे उदाहरण पवईचे आहे. आयआयटी मुंबईतल्या ऊर्जा विभागाने आधी लाखो शालेय मुलांसाठी सौर दिव्यांचा प्रकल्प राबवला. दिवे गावातल्याच माणसांनी जोडायचे आणि दुरुस्त करायचे, हे त्याचे सूत्र. मग मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातले बाचा हे आदिवासी गाव निवडले गेले. २०१८ अखेर तिथल्या सुमारे ७५ घरांत सौर पट्ट्या, बॅटरी आणि विजेची शेगडी बसली. इथे आरसा नाही. पट्टीची वीज दिवसभर बॅटरीत साठते आणि बाई तिच्या वेळेला, घरात, छपराखाली, तव्यावर पोळी-भाकरी करू शकते. दुर्वासाची अडचण सुटली. स्थळ, काळ आणि पात्र या तिन्ही कसोट्यांना हे साधन पेटीच्या कुकरपेक्षा कितीतरी अधिक उतरते, कारण त्याने बाईचा दिनक्रम बदलायला सांगितले नाही.

त्याबरोबर नवे बंधन आले: बॅटरी. तिचे आयुष्य काही वर्षांचे, आणि ती बदलण्याचा खर्च अशा घराच्या आवाक्याबाहेरचा. आरशाची चूल फुकट मिळाली की पुसून वापरता येते. बॅटरीची चूल एकदा देऊन दिलेली होत नाही.

या पेचावरचे जुने उत्तर याच परिसरात दगडावर कोरलेले आहे. राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले शिलालेख आहेत. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेणी आणि पाण्याची पोढी खोदून दिली, आणि पुष्कळ लेखांत त्यासोबत ‘अक्षयनीवी’ची नोंद आहे: मुद्दल कायम ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंची वस्त्रे व इतर गरजा भागवायच्या. नाशिकच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने लेणे दिले आणि गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींत (व्यवसायसंघांत) तीन हजार कार्षापण नाणी ठेवली. दोन हजारांवर महिना एक टक्का, हजारावर पाऊण टक्का व्याज. मुद्दल परत घ्यायचे नाही. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे, आणि हिशेब तंतोतंत जुळतो. दाता गेल्यावरही दान चालावे याची तजवीज दानाचाच भाग होती.

आज सौर चुलींचा मोठा खर्च कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून होऊ शकतो. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. चालू प्रकल्पाची मुदत मात्र, सुरुवातीचे वर्ष सोडून, तीन वर्षांपेक्षा अधिक धरता येत नाही, आणि जानेवारी २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या कायम निधीत टाकलेली रक्कम या खर्चात मोजली जात नाही. पैसा चटकन कामाला लागावा, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण अक्षयनीवीची वाट त्याने या पैशासाठी बंद झाली. ती वाट खुली राहते सार्वजनिक न्यासांना आणि व्यक्तींना: देवस्थाने, उपाश्रयांचे संघ, ज्ञातिसंस्था, सोसायट्यांतली मंडळे. मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या न्यासाने पाड्यावर दहा शेगड्या देण्याऐवजी सहा द्याव्यात आणि उरलेल्या चारांची रक्कम बॅटरी व दुरुस्तीसाठी कायम ठेवीत टाकावी, तिचा हिशेब पाड्यावरच्या बायकांच्या गटाकडे द्यावा. सहाच चुली दिल्याने दात्याच्या यादीतला आकडा लहान होईल. सातव्या वर्षी त्या सहाही पेटत्या असतील.